दुसरी बादली

"वास घेऊन बघ," म्हणत ह्यांनी गाडीच्या शांपूची आणखी एक बाटली माझ्या नाकाशी धरली.

त्या दिवशी माझा प्रदोष होता. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि सांगली रस्त्यावरच्या त्या दुकानात नव्या रबराचा दर्प कोंदलेला. मी वास घेतला. लिंबाचा होता. तसं सांगितल्यावर हे म्हणाले, मग नको, आम्ल असणार. दुकानदार म्हणाला, साहेब, नुसता वास असतो तो, लिंबू कुठलं आलंय त्यात. ह्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ह्यांची सगळी नोकरी झालेली. रसात आम्ल किती, चुना किती, हे ह्यांच्या सहीनं ठरायचं. त्यांनी खिशातून रंग बदलणाऱ्या कागदाच्या पट्ट्या काढल्या आणि एकेका बाटलीचं टोपण उघडून त्यात बुडवायला सुरुवात केली. दुकानदारानं बुडवू दिलं. गिऱ्हाईक उतारवयाचं, त्यात बायको बरोबर.

एका बाटलीत मेण घातलेलं होतं, त्यानं चकाकी येते म्हणे, पण खालचा मळ तसाच झाकला जातो. एक स्वस्तातली, नुसता फेस. एकीनं पट्टी निळी झाली, ती तर भांडी घासायचीच, म्हणाले. शेवटच्या बाटलीनं पट्टी हिरवी झाली तशी ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आम्लही नाही, क्षारही नाही.

मी तेवढ्यात एकच विचारलं. आमच्या अंगणाचा उतार तुळशीकडे आहे, गाडीचं पाणी तिकडे जाणार, तर हे तुळशीला चालेल का?

दुकानदाराला हसू आलं. "काकू, गाडीसाठी घ्यायचंय का तुळशीसाठी?"

पण ह्यांनी बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, "चालेल. पातळ करून वापरायचं असतं. तुझ्या तुळशीला काही होत नाही." मला त्या वेळी ते बोलणं फार बरं वाटलं होतं. परतताना बाटली मी मांडीवर धरून बसले, प्रसादाची वाटी धरावी तशी.

गाडी घेऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. निवृत्तीनंतर घेतलेली, आयुष्यातली पहिली, गडद निळी. तोवर आमच्याकडे स्कूटर होती आणि ती कपड्यांच्या पावडरीनं, जुन्या बनियननं धुतली जायची. गाडीला ते चालत नाही, हे ह्यांनी फोनवर बघून बघून शिकून घेतलं आणि मग मला शिकवलं. ह्यांची पाठ वाकत नसे, त्यामुळे धुणं माझ्याकडे आणि देखरेख ह्यांच्याकडे.

दोन बादल्या घ्यायच्या. पहिलीत शांपूचं पाणी, दुसरीत नुसतं स्वच्छ. दुसरीच्या तळाशी प्लॅस्टिकची जाळी. आधी नळीनं पाणी मारून धूळ उतरवायची. मग हातात मऊ मोजा घालायचा, तो फेसात बुडवून एक पत्रा धुवायचा आणि पुन्हा फेसात घालण्याआधी दुसऱ्या बादलीत खळबळायचा, म्हणजे माती जाळीखाली बसते, परत गाडीवर येत नाही. आधी टप, मग काचा, मग दारं, चाकं सगळ्यात शेवटी. चाकांचं फडकं वेगळं, ते वर लागलं की संपलं. ऊन यायच्या आत सगळं उरकायचं, कारण थेंब उन्हात वाळले की पांढरे डाग पडतात.

आणि हात सरळ चालवायचा. हे मला जमेना. देवाची तांब्याची भांडी चिंच लावून घासण्यात माझं आयुष्य गेलेलं, हात आपोआप गोल फिरायचा.

"गोल नाही, कुमुद. सरळ. गोलानं ओरखडे दिसतात."

रोज सकाळी पायरीवर चहा घेऊन बसल्या बसल्या हे एवढंच म्हणायचे. गोल नाही, सरळ. समोरच्या आरवाडेकाकू त्यांच्या फाटकाशी रांगोळी काढत असायच्या. त्या एकदा म्हणाल्या, "कुमुदताई, मला वाटायचं तुमच्याकडेच सोवळं कडक आहे. तुमच्या साहेबांचं तर त्याहून." मी हसले. खरंच होतं ते. चाकाचं फडकं टपाला लागू द्यायचं नाही, हे मला समजावून सांगावं लागलंच नाही. उष्टं-खरकटं, सोवळं-ओवळं ह्यात वाढलेली बाई मी. महिनाभरात हात सरळ चालायला लागला. पहाटे आधी गाडी, मग आंघोळ, मग पूजा, असा क्रम बसला. जिभेवर नामस्मरण चालू असायचं. काम कसलंही असो, त्याचं व्रत करता येतं.

माझं माहेर आजऱ्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, पेरणवाडीत. मिरजेची माती काळी. आमच्याकडची तांबडी, कुंकवासारखी बारीक. लहानपणी पायाला लागली की पावसाळाभर जायची नाही. आई गेल्यावर तिथे माझे वडील अप्पा आणि धाकटा भाऊ दिगंबर, त्याचं बिऱ्हाड. थोडा भात, थोडी काजूची झाडं. गाडी घेतल्याचं फोनवर कळवलं तेव्हा अप्पा म्हणाले होते, "कुमे, एकदा दाराशी घेऊन ये. मला पुढच्या सीटवर बसव आणि रवळनाथापर्यंत ने. तुझी आई आयुष्यभर चालत गेली तिथे."

मी येते म्हणाले. त्यानंतर सगळा पावसाळा मी ह्यांना विचारत राहिले. आरडाओरडा माझ्या स्वभावात नाही. पूजा झाली की तीर्थ देताना विचारायचे. हे नाही म्हणत नसत. रस्ता खणलाय म्हणायचे. तांबडा चिखल पत्र्याच्या सांदीत बसतो, निघत नाही, जरा पाऊस सरू दे. मी एसटीनं जाते म्हटलं तर, दाराशी गाडी असताना जावईबुवांनी बायकोला एसटीनं धाडली म्हणून गावात हसतील. श्रावणात अप्पा अंथरुणाला लागले. मग हे म्हणाले, दसरा झाला की माझी साठीशांत आहे, ती होऊ दे, दुसऱ्या दिवशी निघू. नमस्कारालाच जाऊ दोघं.

साठीशांत ह्यांनी फार मनावर घेतली होती. ह्यांचे वडील साठीच्या आतच गेलेले. त्यामुळे ह्यांच्या थोरल्या बहिणीनं, शैलावन्संनी, मला सुचवलं की तू आपलं एक अनुष्ठान धर. नवरात्राच्या आधीपासून शांतीपर्यंत रोज एकाच जागी बसून पोथीचा अध्याय, एकभुक्त राहायचं आणि गावाची शीव ओलांडायची नाही. ह्यांच्या आयुष्याचा प्रश्न. मी हळद-कुंकू वाहून, पाणी सोडून संकल्प केला. सोडताना अप्पांची आठवण झाली, नाही असं नाही. पण देवाचंच करतेय, देव तिकडेही बघेल, असं मी मनाला सांगितलं. अनुष्ठानात मी फोन हाताशी ठेवत नसे. तो ह्यांच्याकडे असायचा. दिगूचा फोन आला की हे बोलून घेत आणि मला सांगत, बरे आहेत अप्पा, पेज घेतात.

शांतीच्या आठवड्यात वन्सं पुण्याहून मुक्कामाला आल्या. त्याच आठवड्यात एका पहाटे हे कोल्हापूरला जातो म्हणून एकटेच गाडी घेऊन निघाले. गुरुजींनी सांगितलेलं काही सामान मिरजेत मिळत नव्हतं म्हणे. परत आले ते दिवेलागणीला. मी तुळशीपाशी दिवा लावत होते. हे फाटकाशी बराच वेळ थांबले. पाठमोरे होते, काय करत होते दिसलं नाही. मग आत आले ते थेट न्हाणीघरात. डोक्यावरून पाणी घेतल्याचा आवाज आला. एवढ्या उशिरा डोक्यावरून का, असं मी विचारलं, तर म्हणाले, धूळ फार होती. आणि मग, "सकाळी गाडी धू. ऊन यायच्या आत."

सकाळी बघितलं तर गाडी खालून सगळी तांबडी. चाकांच्या वरच्या पोकळीत गिलाव्यासारखा थर बसलेला. मी नळी मारली तर अंगणातून लाल ओहोळ वाहायला लागला.

हे पायरीवर चहा घेत होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "कोल्हापूरच्या बाहेर रस्त्याचं काम काढलंय. मुरूम टाकलाय सगळा."

बरं, म्हटलं मी. मुरूम मला माहीत आहे. तो खरखरतो, त्याचे खडे बादलीत खडखडतात. ही माती खडखडत नव्हती. मोजा दुसऱ्या बादलीत बुडवला की ती धुरासारखी पसरायची आणि सावकाश खाली बसायची. धुऊन झाल्यावर मी बादलीतलं वरचं पाणी ओतलं. जाळीखाली बोटभर गाळ साचला होता. चिमटीत धरला तर बोटं रंगली. तो गाळ मोरीत टाकवेना. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. तुळशीच्या बुंध्याशी नेऊन पसरला आणि हात धुतले.

त्या दिवशी पूजा आटोपून मी नेहमीसारखी तीर्थाची पळी घेऊन ह्यांच्यापुढे गेले, तर हे दोन पावलं मागे सरले. "पाठ धरलीय," म्हणाले, "वाकवत नाही. राहू दे." तीर्थ घ्यायला वाकावं कशाला लागतं? हात पुढे करायचा. पण मी पळी परत ठेवली. दुसऱ्या दिवशीही पाठच. देवघराच्या दारातून आतही आले नाहीत. संध्या कधी चुकवली नव्हती त्यांनी, तीही मनातल्या मनात केली म्हणाले. मला काळजी वाटली. शांत तोंडावर आलेली आणि ह्यांच्यानं बसवत नाही. मी अध्यायाबरोबर आणखी एक जपाची माळ वाढवली. ह्यांच्या पाठीसाठी.

वन्सं माझ्याकडे बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. एकदा स्वयंपाकघरात मी डाळ निवडत असताना उगाचच मला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं, कुमुद." मी म्हटलं, वन्सं, आज काय झालं तुम्हाला.

शांतीच्या आदल्या दिवशी ह्यांची पाठ बरी झाली. शांतीच्या तयारीसाठी त्या दिवशी मी पूजा अंधारातच उरकली होती; ह्यांनी आंघोळ करून देवाला नमस्कार केला, माझ्या हातून तीर्थ घेतलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मग म्हणाले, उद्या गाडीलाही हार घालायचा आहे, तर आज आतून-बाहेरून नीट धुऊन घे. पहाट नुकतीच फुटली होती. मी दोन्ही बादल्या भरल्या. आरवाडेकाकू समोर फाटकाशी बसून रांगोळीचे ठिपके टाकत होत्या. हे पायरीवर होते, वन्सं दारात.

म्हटलं, आधी आतून. पायपुसणी काढून झटकली. मग चालकाच्या दाराला खाली जो कप्पा असतो, कागदपत्रं ठेवायचा, त्यात फडकं फिरवायला हात घातला, तर हाताला वाळकं काही लागलं. बाहेर काढलं.

कडुनिंबाची डहाळी होती. वाळून चुरगळायला आलेली. एका बाजूची पानं जागच्या जागी होती. दुसऱ्या बाजूची खुडून घेतलेली, देठ तेवढे राहिले होते.

आमच्याकडे कडुनिंबाचं पान माणूस दोन वेळा चावतो. एकदा पाडव्याला, गुळाबरोबर. आणि एकदा स्मशानातून घरी आल्यावर, उंबरा ओलांडायच्या आधी, गुळाशिवाय.

मी डहाळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. फाटकाशी पाठमोरे उभे राहिलेले हे. दिवेलागणीची डोक्यावरून आंघोळ. देवघराच्या बाहेरून परत फिरणं. तीन दिवस. जावयाला सासऱ्याचं सुतक तीन दिवस असतं. आणि तांबडी माती.

माझा आवाज चढला नाही. आजही आठवतं, अगदी हळू विचारलं मी, "अहो, अप्पा गेले का?"

ह्यांनी कप खाली ठेवला. नाही म्हटलं असतं तर मी कदाचित विश्वास ठेवला असता, इतकं मला ते ऐकायचं होतं. पण हा माणूस खोटं पट्टीच्या रंगासारखं मोजून वापरायचा, नको तिथे वाया घालवत नसे. म्हणाले, "आत चल. आत बोलू."

"इथेच सांगा."

वन्सं पुढे आल्या. म्हणाल्या, "कुमुद, तुझ्याच भल्यासाठी गं. एवढं अनुष्ठान, शेवटच्या दिवसांत मोडलं असतं. गुरुजींना विचारूनच केलं आम्ही. ऐकल्याशिवाय सुतक लागत नाही. उद्याचं पार पडलं की संध्याकाळी सांगणारच होतो."

"ह्यांचं मात्र फिटलं," मी म्हटलं.

"अरविंदनं पाळलं ना नीट," वन्सं म्हणाल्या. "अगदी सगळं पाळलं."

माझ्या अप्पांचं सुतक ह्या घरात पाळलं गेलं होतं. नीट, सगळं. फक्त मला सोडून. त्या तीन दिवसांत मी कपाळाला कुंकू रेखून, केसात शेवंती माळून, ह्यांच्या पाठीसाठी जप केला होता.

मी हात पुढे केला आणि ह्यांच्याकडे फोन मागितला. हे देत नव्हते. उद्यापर्यंत थांब, म्हणाले, पाहुणे निघालेत, हॉल घेतलाय, होमाला तुझ्याशिवाय बसता येत नाही. मी हात तसाच पुढे धरून ठेवला. समोर आरवाडेकाकूंनी मान वर केली होती. मग ह्यांनी फोन दिला.

दिगू पहिल्या घंटीला बोलला. "ताई," म्हणाला आणि थांबला. मग जपून विचारलं, "झाली का शांत? आज होती?"

"उद्या आहे."

"मग कशाला फोन केलास? तूच निरोप पाठवलास ना, शांत होईपर्यंत काही कळवू नका म्हणून."

मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला?

"भाऊजींनी. मी आदल्या दिवशी फोन केलेला, अप्पांचं काही खरं नाही, ताईला घेऊन या. म्हणाले, येतो. सकाळी गाडीचा हॉर्न झाला तर अप्पा म्हणाले, मला उठवून बसवा, कुमी आली. आम्ही बसवलं. टोपी घालायला लावली त्यांनी. दारातून भाऊजी एकटेच आत आले." "ताई, मला राग आला होता तुझा, खोटं कशाला सांगू. पण भाऊजी म्हणाले, अनुष्ठान आहे, शीव ओलांडणार नाही म्हणाली. तुझं सोवळं आम्हाला माहीतच आहे. अप्पासुद्धा म्हणाले, राहू दे, व्रत मोडू नये पोरीनं. मग आडवे झाले. दुपारच्या आत गेले."

"गाडीत बसले होते का ते?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक.

"गाडीत?" दिगू म्हणाला. "नाही गं. भाऊजींनी ती अर्ध्या वाटेतून मागे घेऊन खाली, डांबरी रस्त्यावरच लावली होती शेवटी. दारात चिखल फार म्हणून."

मी फोन ह्यांच्या हातात परत दिला.

हे तोवर माझ्या अगदी जवळ येऊन उभे होते. खालच्या आवाजात, नेहमी गाडीचं समजावायचे तसं समजावून सांगायला लागले. आत्ता हे आपल्या तिघांतच आहे. दिगूला सांगता येईल, हा फोन कुणाला कळू देऊ नको. वन्सं घरच्याच. उद्या फक्त दोन तास पाटावर बसायचं आहे. संध्याकाळी मी स्वतः तुला पेरणवाडीला नेतो, अगदी दारापर्यंत. "कुमुद, माझ्या आयुष्याची शांत आहे गं ती," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, हे मी आजही नाकारत नाही. माणूस मरणाला भीत होता.

"अप्पा काय म्हणाले होते तुम्हाला?" मी विचारलं. "तुम्ही एकटेच आत गेलात तेव्हा."

ह्यांनी वन्संकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुमी कुठाय, एवढंच."

"आणि तुम्ही?"

"तू ऐकलंस की आत्ता."

मी मान हलवली. ऐकलं होतं. दिगूनं एका शब्दानंही शंका घेतली नव्हती. अप्पांनीही घेतली नसेल. मी उपास करते, वार पाळते, शिवाशिव सांभाळते, हे सगळ्या माहेराला ठाऊक. बाप मरणाच्या दारात असताना पोथी सोडून उठणार नाही, अशीच बाई मी असणार, हे सगळ्यांना लगेच पटलं. ह्यांना फार मोठं खोटं बोलावंच लागलं नव्हतं. मी आयुष्यभर केलेलं सगळं ह्यांच्या हाताशी तयारच होतं.

पायाशी दोन्ही बादल्या भरलेल्या होत्या. पहिलीत मी शांपू घातला होता, त्यावर पांढरा फेस होता. दुसरी काठोकाठ, स्वच्छ. तळाची जाळी दिसत होती.

मी केसातली शेवंती काढून कट्ट्यावर ठेवली. मग वाकून दुसरी बादली उचलली. हे म्हणाले, "काय करतेस?" त्यांना कळलं होतं. वन्संना तर आधीच कळलं होतं, त्या दारातून "कुमुद, नको, लोक बघतायत," म्हणत पायऱ्या उतरल्या. मी बादली डोक्यावर रिती केली, नेसत्या लुगड्यानिशी. पाणी गार होतं. एकदम श्वास अडला. कानांत, डोळ्यांत, पाठीवरून खाली सगळीकडे पाणी झालं. जाळी घरंगळत फाटकापर्यंत गेली. कपाळावरचं कुंकू नाकावरून ओघळल्याचं कळत होतं, पण पुसलं नाही.

मेल्याची बातमी कळली की नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आता ते तिघांत राहणार नव्हतं.

समोर आरवाडेकाकू हातातली रांगोळीची चिमूट तशीच धरून उठल्या. त्यांच्या मागे त्यांची सून दाराशी आली. दूधवाला सायकल धरून थांबला होता. काकू रस्ता ओलांडून आमच्या फाटकाशी आल्या आणि जपून, हलक्या आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं हो, कुमुदताई?"

"माझे अप्पा," मी म्हटलं.

"कधी?"

"मला आत्ता कळलं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. पदर डोक्यावरून घेतला आणि फाटक उघडून माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझ्या ओल्या हाताला धरून. शिवाशिवीचं त्या क्षणी मला काहीच वाटलं नाही.

ह्यांची शांत झाली नाही, तेव्हाही आणि नंतरही. मी दिगूकडे एसटीनं गेले. तेराव्यापर्यंत राहिले. मग परतही आले, आमच्यासारख्या बायका परत येतात. पोथी कपाटात ठेवली. बाकीचे उपास, वार, देवपूजा सगळं चालू आहे, त्यात देवाचा काय दोष. हेही आता सत्तरीच्या पुढे आहेत, तब्येत ठणठणीत आहे. तुळशीशी तांबडा गाळ अजून थोडा दिसतो. गाडीला मात्र मी त्या दिवसापासून हात लावला नाही, आणि लाव म्हणून हे कधी म्हणाले नाहीत.

त्या सकाळचं शेवटचं जे आठवतं ते असं. मी ओलेत्यानं उभी, काकूंनी माझा हात धरलेला, वन्सं तोंडाला पदर लावून पायरीवर बसलेल्या. आणि आरवाड्यांच्या गच्चीवरून ऊन आमच्या अंगणात उतरलं. माझ्या बादलीतलं पाणी गाडीच्या पुढच्या निळ्या पत्र्यावर उडालं होतं, त्याचे थेंब चमकायला लागले. हे माझ्याकडे बघत होते. मग त्यांची नजर त्या थेंबांवर गेली.

मग त्यांनी तारेवरचं मऊ फडकं ओढलं, वाकले आणि थेंब पुसायला लागले. न वाकणाऱ्या पाठीनं, वाळायच्या आत. सरळ.